त्रिनिदादची खाद्यसहल: माळकरी पत्नीसह जाणाऱ्याने काय चाखावे, काय टाळावे?

अंबाजोगाईकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी अंबाजोगाईचा असून कृषी विद्यालयातील अध्यापनातून तीन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झालो आहे. माझे जावई त्रिनिदाद बेटावरील एका रसायन कारखान्यात अभियंता आहेत आणि मुलीच्या आग्रहावरून येत्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी तेथे जाणार आहोत. त्रिनिदाद हे नाव आजवर माझ्या कानावर पडले ते केवळ क्रिकेटच्या समालोचनातून, क्वीन्स पार्क ओव्हल मैदानाच्या निमित्ताने. तेथील लोक काय खातात, याचा विचार करण्याची वेळ कधी आली नव्हती.

मुलीने तेथील खाद्यसहलींची दोन-तीन माहितीपत्रके पाठवली आहेत. एका सहलीत राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधील रस्त्यावरचे पदार्थ, दुसरीत रम आणि अंगोस्तुरा नावाच्या कडू अर्काचा कारखाना, तर तिसरीत कोकोची बाग, असा साधारण बेत दिसतो. सहलीचे दर अमेरिकी डॉलरमध्ये दिलेले आहेत, आणि त्यांचे रुपये करून पाहिल्यावर मला मोंढ्यातल्या भावाची आठवण झाली, एवढेच सांगतो.

अडचण अशी की आमच्या सौभाग्यवती माळकरी आहेत. मांस, मासे, अंडी आणि मद्य यांचा स्पर्शही त्यांना चालत नाही. एकादशीचा उपवास परदेशातही चुकणार नाही. मी स्वतः माळ घातलेली नाही, परंतु मद्य घेत नाही. अशा दोघांनी चाखण्याच्या सहलीवर पैसे खर्च करणे म्हणजे मुक्याने भजनाला जाऊन बसणे ठरेल काय? की शाकाहारी माणसालाही तेथे खरोखर काही चाखण्यासारखे आहे? कोकोचे झाड मी केवळ पुस्तकातच शिकवले असल्यामुळे त्या बागेची ओढ मात्र मनापासून आहे. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दुधनाकाठ

सर, नमस्कार. मी मूळचा सेलूचा. त्रिनिदादच्या पॉइंट लिसास औद्योगिक वसाहतीत मी दोन वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे आपल्या जावयांचा दिनक्रम मला थोडाफार कळू शकतो. आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की शाकाहारी माणसासाठी कॅरिबियन समुद्रात याहून सोयीचे बेट मिळणे कठीण आहे. फक्त पत्रकातल्या क्रमाने न खाता तेथील माणसे ज्या वेळी जे खातात, ते त्याच वेळी खावे.

याचे कारण इतिहासात आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचले आणि १९१७ पर्यंत हा क्रम चालू राहिला. एकंदर सुमारे १,४४,००० माणसे तेथे नेली गेली. त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील भोजपुरी व अवधी बोलणारी होती. त्यामुळे आज तेथील सुमारे एकतृतीयांश लोकसंख्या भारतीय वंशाची आहे आणि स्वयंपाकघरातील शब्द अजूनही ओळखीचे वाटतात. जिऱ्याला ते ‘गीरा’ म्हणतात, हळदीला ‘हर्दी’, फोडणी देण्याला ‘चुंके’ आणि मसाला तेलात कोरडा परतण्याला ‘भुंजे’. तवा, बेलना, लोटा हे शब्द तर जसेच्या तसे राहिले आहेत. इंग्रजी बोलणारी एखादी आजी मधूनच ‘चुंके द डाल’ म्हणते, तेव्हा आपण नक्की कोठे उभे आहोत, असा प्रश्न पडतो.

आता ‘डबल्स’ या रस्त्यावरच्या पदार्थाविषयी. हळद घातलेल्या मैद्याच्या आंबवलेल्या पिठाची, हाताने थापून तळलेली, तळहाताएवढी मऊ पुरी म्हणजे ‘बारा’. विक्रेता डाव्या हातावर कागद पसरतो, त्यावर दोन बारे एकमेकांवर किंचित सरकवून ठेवतो, मध्ये पातळसर छोल्यांची पळी ओततो, चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि कैरीचे ‘कुचेला’ नावाचे लोणचे यांचा एकेक चमचा टाकतो आणि कागदाची दोन टोके पिळून आपल्या हातात देतो. हे सर्व होण्यास आपल्याकडे पानवाला पान लावतो त्याहूनही कमी वेळ लागतो. उभ्यानेच, कमरेत थोडे वाकून, चटणी सदऱ्यावर सांडणार नाही अशा बेताने ते खावे लागते. हा पदार्थ प्रिन्सेस टाउन गावातील दीन दांपत्याने १९३६ च्या सुमारास सुरू केला, असे तेथे मानले जाते. आधी एकाच बाऱ्यावर चणे देत असत, गिऱ्हाइके दोन बारे मागू लागली आणि त्यावरून ‘डबल्स’ हे नाव पडले. यात अंडे किंवा मांस नसते. सकाळी सहा ते नऊ ही त्याची खरी वेळ. दहा वाजता जाणाऱ्याला रिकामे पातेले पाहावे लागते.

तिखटाबाबत मात्र आपल्या मराठवाड्याचा अभिमान आवरता घ्यावा. विक्रेता ‘स्लाइट’, ‘मीडियम’ की ‘हेवी’ असे विचारतो. आपण ठेचा खाणारी माणसे आहोत, या गुर्मीत मी पहिल्याच दिवशी ‘हेवी’ म्हणालो आणि नंतर पाऊण तास गाडीत काचा खाली करून बसलो. तेथील ‘मोरुगा स्कॉर्पियन’ मिरचीचा तिखटपणा २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या मिरची संस्थेने मोजला, तेव्हा तो सरासरी १२ लाख स्कोव्हिल एककांहून अधिक भरला होता. रस्त्यावरच्या चटणीत नेहमी तीच मिरची असते असे नाही, तथापि तिची भावंडे असतात. ‘स्लाइट’पासून सुरुवात करावी.

बालाघाटचा वाटसरू

दुधनाकाठ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु सहल सरसकट टाळावी असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून लिहितो. मी बीड जिल्ह्यातला आहे. दोन वर्षांपूर्वी कार्यालयीन कामासाठी त्रिनिदादला आठ दिवस होतो आणि त्यांपैकी एका दिवशी मी ‘चवींची सफर’ विकत घेतली होती. आयोजकांचे नाव घेत नाही. सकाळी आठला निघणारी गाडी साडेदहाला आली, डबल्स आम्हाला गार झालेल्या अवस्थेत एका उपाहारगृहातील झाकणाच्या भांड्यातून वाढण्यात आले, आणि उरलेला वेळ रमचे चार घोट व भेटवस्तूंचे दुकान यांत गेला. सोबतचे दोघे जण खूश होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांचा हेतूच चार घोटांचा होता. तात्पर्य, ज्या सहलीच्या पत्रकात ‘वातानुकूलित गाडी’ हा शब्द पदार्थांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत आहे, ती सोडून द्यावी.

कोकोच्या बागेसाठी मात्र वाटाड्या घ्यावाच, कारण तेथे जे पाहायचे असते, ते सांगणाऱ्यावाचून दिसत नाही. सर, आपण कृषी शिक्षक आहात म्हणून थोडे अधिक लिहितो. त्रिनिदादमधील ‘क्रिओलो’ कोकोच्या बागा १७२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. पुढे दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून ‘फोरास्तेरो’ जातीची रोपे आणण्यात आली आणि उरलेल्या जुन्या झाडांशी त्यांचा संकर होऊन जी जात निर्माण झाली, तिला बेटावरूनच ‘त्रिनितारियो’ हे नाव मिळाले. आज जगभर कोकोच्या ज्या तीन परंपरागत जाती शिकवल्या जातात, त्यांपैकी ही एक होय. सेंट ऑगस्टीन येथील वेस्ट इंडिज विद्यापीठाच्या देखरेखीखाली तेथे कोकोचा आंतरराष्ट्रीय जनुकसंग्रह आहे आणि त्यात २,००० हून अधिक वाणांची झाडे जतन केलेली आहेत.

बागेत फळ थेट खोडाला लगडलेले दिसते, आपल्याकडे फणस लागतो तसे. वाटाड्याने कोयत्याने एक फळ आडवे फोडून माझ्या हातात दिले, तेव्हा मला पहिली आठवण आमच्या बालाघाटातल्या सीताफळाची झाली: तसाच पांढरा, ओलसर गर आणि प्रत्येक पाकळीत एक बी. चव मात्र सीताफळासारखी गोड-रवाळ नसून लिचीसारखी आंबटगोड आणि बुळबुळीत असते. बी चावू नये, असे सांगितले होते, मी चावले. आतून ते जांभळे निघाले आणि तोंड असे आखडले की कच्चे बिब्बे खाल्ल्याचा भास झाला. चॉकलेटचा वाससुद्धा त्यात नसतो. तो वास येण्यासाठी गरासह बिया लाकडी पेट्यांत केळीच्या पानांखाली जवळपास आठवडाभर आंबवाव्या लागतात आणि मग उन्हात वाळवाव्या लागतात. वाळवणीच्या जुन्या घरांची रचना विलक्षण आहे: जमीन स्थिर असते आणि छप्पर रुळांवरून मागे सरकते, म्हणजे पावसाची सर आली की धावत जाऊन बिया गोळा करण्याऐवजी माणसे छपरच पुढे ओढतात. आमच्या खळ्यावर अवकाळी पावसात ताडपत्री शोधताना जी धांदल उडते, ती आठवून मी त्या रुळांकडे बराच वेळ पाहत राहिलो. पूर्वी वाळत्या बियांवर मजूर अनवाणी पायांनी नाचल्यासारखे फिरून त्यांना चकाकी आणत. त्याला ‘कोको नाचवणे’ म्हणतात, आणि काही बागांत आजही पाहुण्यांना ते करून दाखवले जाते. शेवटी कोकोचा गोळा किसून दालचिनी, जायफळ व तमालपत्र घालून उकळलेला ‘कोको टी’ मिळतो. वहिनींना तो निश्चित चालेल. दूध घालावे की नाही, एवढेच सांगावे.

रमच्या कारखान्याविषयी एक गोष्ट मला तेथे गेल्यावर कळली. आमच्या तालुक्यातून दर वर्षी दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी कोयता बांधून कारखान्यांकडे निघतात, त्यामुळे उसाचे बेट म्हटल्यावर मी खिडकीतून उसाचे फड शोधत होतो. ते दिसले नाहीत. कॅरोनी ही सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली, हजारो कामगार घरी बसले आणि काही वर्षांत साखरेचे उत्पादन पूर्णपणे थांबले. आज तेथील रम बाहेरून आणलेल्या मळीपासून तयार होते. सहलीतल्या मार्गदर्शकाने हे स्वतःहून सांगितले नाही. गाडीच्या चालकाने सांगितले. त्याचे वडील ऊस तोडत असत.

अंबाजोगाईकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सरकत्या छपराचे वर्णन वाचून मी ते वहीत उतरवून घेतले आहे. आपण दोघांनीही रमच्या सहलीचा उत्साह दाखवलेला नाही, हे लक्षात आले. परंतु अंगोस्तुराचा जो कडू अर्क आहे, तो औषधी असल्याचे मुलगी म्हणते. तो सौभाग्यवतींना चालू शकेल काय? शिवाय घरच्या जेवणाचे काय? तीन आठवडे डबल्सवर काढणे प्रकृतीला मानवणार नाही. त्या येथून ज्वारीचे पीठ, काळा मसाला आणि जवसाची चटणी असा बराच ऐवज बांधण्याच्या तयारीत आहेत.

नांदेडची सुगरण

दादा, पहिल्यांदा अर्काविषयी सांगते, कारण तेथे फसगत होण्याचा संभव आहे. माझी धाकटी बहीण सहा वर्षे पोर्ट ऑफ स्पेनला राहते आणि मी तिच्याकडे दोनदा जाऊन आले आहे. अंगोस्तुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के मद्यार्क असतो. दक्षिण अमेरिकेचे स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हार यांच्या सैन्यातील योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरांनी व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी १८२४ मध्ये पोटाच्या विकारांवरचे औषध म्हणून तो तयार केला, आणि पुढे १८७५ च्या सुमारास त्यांच्या मुलांनी हा व्यवसाय त्रिनिदादला हलवला, हे खरे आहे. पण म्हणून तो माळकऱ्याला चालेल असे होत नाही. अडचण अशी की तेथे तो कशातही दोन-चार थेंब घालण्याची पद्धत आहे: लिंबाच्या सरबतात, शेंगदाण्याच्या घट्ट ‘पीनट पंच’मध्ये, कधी आइस्क्रीममध्येसुद्धा. त्यामुळे वहिनींनी कोणतेही पेय मागवताना ‘नो बिटर्स’ हे दोन शब्द आधी उच्चारावेत. मी हे पहिल्या खेपेला केले नाही, आणि लिंबू-सरबत एवढे तपकिरी का दिसते, हे बहिणीला विचारेपर्यंत अर्धा पेला रिकामा झाला होता. आपण स्वतः कारखाना पाहू शकता. बाटलीच्या मानेपर्यंत चढलेले तिचे मोठे लेबल, ज्याचे माप चुकले आणि मग तेच ओळख बनले, त्याची गोष्ट तेथे रंगवून सांगतात. शिवाय त्याच आवारात फुलपाखरांचा एक मोठा संग्रह आहे, आणि मला रमच्या पिंपांपेक्षा तोच अधिक आवडला.

वहिनींसाठी पेये पुष्कळ आहेत. ‘सॉरेल’ नावाचे गडद लाल सरबत नाताळाच्या सुमारास घरोघरी होते आणि ते दुसरेतिसरे काही नसून लाल अंबाडीच्या बोंडांचे आहे. आपण अंबाडीचा पाला शिजवून ज्वारीच्या कण्या लावून भाजी करतो आणि बोंडांकडे फारसे पाहत नाही. तेथे पाला कोणी विचारत नाही आणि बोंडे लवंग-दालचिनीसह उकळून पितात. सणाच्या दिवसांत त्यात रम घालतात, म्हणून विचारून घ्यावे. ‘मॉबी’ हे सालीचे कडवट पेय पहिल्या घोटाला गोड लागते आणि गिळल्यावर काडेचिराइतासारखे घशात उतरते. मला ते दुसऱ्या दिवसापासून आवडू लागले. माझ्या यजमानांना शेवटपर्यंत आवडले नाही.

आता जेवण. ज्वारीचे पीठ जरूर न्यावे, पण काळजीपोटी पोतेभर नेऊ नये. सकाळी तेथे ‘सादा रोटी’ आणि ‘चोखा’ असतो. वांगे किंवा टोमॅटो विस्तवावर भाजून, लसूण-मिरचीसह ठेचून वर गरम तेल ओततात. आपले भरीतच, केवळ शेंगदाण्याचे कूट नाही. ‘सहीना’ पाहून तर वहिनी हसतील: अळूची पाने आणि वाटलेली डाळ यांची वडी करून तळतात, आणि वर चिंचेची किंवा कैरीची चटणी घालतात. सॅन फर्नांडोच्या पुढे डेबे नावाचे गाव आहे. तेथे मुख्य रस्त्यालगत सहीना, बैगनी, फुलोरी, कचोरी आणि आलू पाय तळणाऱ्यांच्या टपऱ्या ओळीने लागतात. माझ्या मते खाद्यसहल करायची तर ती डेबेचीच करावी, आणि त्यासाठी जावयांची गाडी पुरेशी आहे.

‘डालपुरी’ हा पदार्थ मात्र लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. मी बहिणीच्या शेजारणीकडे तो करायला शिकले. पिवळ्या वाटाण्याची डाळ बोटाने चेपली असता तुटेल इतपतच शिजवायची, पाणी पूर्ण निथळून ती कोरडी वाटायची, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण आणि मिरची घालायची, आणि हे सारण मैद्याच्या उंड्यात भरून लाटायचे. पुरणपोळी करणारी बाई हे पाहते, तेव्हा तिचे हात आपोआप पुढे होतात. माझा उंडा मी आपल्या सवयीने बंद केला, तर त्या शेजारणीने तो हातात घेऊन वर-खाली पाहिला आणि ‘हे कोणी शिकवले’ असे विचारले. त्यांच्याकडे गूळ नाही, वर तूप नाही, तेल लावतात. परंतु पोळी फुगली की तव्याजवळच्या सगळ्या बायका समाधानाने मान हलवतात, ती मान मात्र तीच. दुसरा प्रकार ‘बस-अप-शट’. पराठा तव्यावरच लाकडी उलथण्यांनी आपटून त्याच्या चिंध्या करतात. फाटक्या सदऱ्यासारखा दिसतो म्हणून ‘बर्स्ट-अप शर्ट’चे ते बोलीतले रूप झाले.

रोटीच्या दुकानांत एकाच फळीवर बटाटा-चणे, भोपळा, कोंबडी आणि बोकडाचे रस्से शेजारी शेजारी असतात आणि पळ्या बदलतातच असे नाही. वहिनींच्या नियमात हे बसत नसेल, तर केवळ शाकाहारी दुकान गाठावे; हिंदू वस्ती असलेल्या चाग्वानास आणि त्याच्या दक्षिणेकडील भागात ती मिळतात. दिवाळीच्या आधी तेथील अनेक घरांत मांसाहार बंद असतो, त्यामुळे ‘मी उपवास करते’ हे सांगितल्यावर कोणी भुवया उंचावत नाही. एकादशीला भाजलेले रताळे आणि केळी मिळतील. साबुदाणा मात्र बॅगेत टाकावा.

दुधनाकाठ

सुगरणताईंच्या लेखनाला एक पुरवणी. आपण लातूरच्या तूरडाळीच्या प्रदेशातले असल्यामुळे ‘पेलाउ’ पाहावा, खावा असे म्हणत नाही. साखर तेलात जाळून तपकिरी करतात, त्यात कोंबडी परततात, मग तांदूळ, नारळाचे दूध आणि तुरीचे हिरवे दाणे घालून एकाच भांड्यात शिजवतात. तूर तेथे मुख्यतः हिरवी खाल्ली जाते. वरणासाठी वाटाण्याची डाळ असते. कोंबडीविना पेलाउ घरी सहज करता येतो आणि आपल्या कन्येला तो येतच असेल. तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खाणाऱ्याला त्या भातातला दाणा लगेच ओळखू येतो.

कोथिंबिरीऐवजी तेथे ‘शॅडो बेनी’ नावाची लांब, कातरलेल्या कडांची पाने वापरतात. भारतीय वंशाचे लोक तिला ‘बंधनिया’, म्हणजे वनातले धने, असे म्हणतात. वास कोथिंबिरीचाच, परंतु चौपट उग्र. कैरीच्या किंवा अननसाच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि ही पाने चोळून ‘चाउ’ करतात. तो रस्त्याच्या कडेला पिशवीत मिळतो आणि वहिनींना सर्वस्वी चालण्यासारखा आहे.

जाता जाता, कारापिचाइमा गावात दत्तात्रेयाचे मंदिर असून तेथे ८५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे. माहूरच्या वाऱ्या केलेल्या माणसाला सातासमुद्रापार दत्ताचे दर्शन होते, म्हणून उल्लेख केला. शिवाय ते चाग्वानासच्या जवळच आहे, त्यामुळे जेवणाच्या दिवशीच उरकते.

परभणीचा वैद्य

खाण्याची चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक वैद्यकीय बाब कोणीच मांडली नाही. त्रिनिदाद बेट पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या प्रदेशांत गणले जाते. तेथून भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस केवळ शासनमान्य केंद्रांतच मिळते, मुंबईत अशी केंद्रे आहेत, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. ते पुढे आयुष्यभर चालते. सर, आपण निवृत्त आहात, म्हणजे वयाची साठी ओलांडली असणार. साठीनंतर ही लस प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका काहीसा वाढतो, म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सर्व औषधे दाखवून मगच निर्णय घ्यावा. तिकिटे काढण्यापूर्वीच हे करावे.

प्रवासाचा मार्ग अमेरिकेतून असेल, तर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकी व्हिसा लागतो. त्रिनिदादच्या प्रवेशाचे चालू नियम त्यांच्या दिल्लीतील उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्यावेत. फेब्रुवारीची निवड योग्य आहे. कोरडा हंगाम जानेवारी ते मे असतो. मात्र लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचे दोन दिवस कार्निव्हलचे असतात. त्या दिवसांत दुकाने, रस्ते आणि वाहने यांचा नेहमीचा हिशोब चालत नाही, तेव्हा बागेची सहल त्याच्या मागे-पुढे ठरवावी. अंधार पडल्यावर राजधानीच्या अनोळखी भागांत पायी फिरू नये.

अंबाजोगाईकर

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले की मी मूळ माहितीपत्रके बाजूला ठेवली आहेत. असे ठरवले आहे: कोकोच्या बागेसाठी वाटाड्यासह अर्धा दिवस पैसे भरून घ्यायचा, डेबे आणि चाग्वानास जावयांच्या गाडीने करायचे, आणि कारखाना मी एकटा पाहून येईन, तोवर सौभाग्यवती मुलीला वरणफळे शिकवतील. पीतज्वराच्या लसीसाठी सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सुगरणताई, ‘नो बिटर्स’ हे शब्द सौभाग्यवतींनी पाठ केले असून काल घरात चहा करतानाही ते म्हणून दाखवले.

शेवटची एकच शंका. कोकोच्या दोन-चार बिया आणि त्या बंधनियाचे थोडे बी सोबत आणता येईल काय? परसदारी लावून पाहण्याचा मोह होतो.

बालाघाटचा वाटसरू

सर, हा मोह आवरावा. आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय बियाणे किंवा रोप भारतात आणता येत नाही, आणि त्यामागची कारणे आपण आम्हाला शिकवावीत, इतकी ती आपल्या विषयाची आहेत. शिवाय कोकोला बारमाही ओलावा आणि सावली लागते. अंबाजोगाईच्या एप्रिलमध्ये ते रोप आठवडाभरही तग धरणार नाही. त्याऐवजी कुचेला ज्याने मुरवतात तो ‘अमचार मसाला’ बंद पाकिटात आणावा. धने, जिरे, मोहरी, मेथी आणि बडीशेप भाजून केलेला असतो. आमच्या मातोश्रींनी तो कैरीच्या लोणच्यात घातला होता. बरणी अक्षय तृतीयेला भरली, ती पोळ्याच्या आत संपली.